डाव्या बाजूची माती

मातीमास्तर कुठलीही गाडी आधी डोळ्यांनी बघत नसत. समोर गाडी आली की ते डोळे मिटायचे, उजवा तळवा तिच्या अंगावर ठेवायचे आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सावकाश चालत जायचे. आमच्याकडे आजारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवतात तसे. मग डोळे उघडून एकच वाक्य बोलायचे. "हितं दाबलीय," नाहीतर, "हितं कुणीतरी घाई केलीय." सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत चहाच्या टपरीपाशी त्यांनी एकदा एका अनोळखी माणसाच्या गाडीवर असाच हात ठेवला. मालक धावत आला आणि काय शोधताय म्हणून विचारू लागला. मास्तर शांतपणे म्हणाले, "मागचं दार एकदा ठोकून काढलंय. नवी म्हणून घेतली असंल तर विचारा त्यांना." त्या माणसाचा चहा तसाच राहिला.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. माझं गाव मंगळवेढ्याकडचं. माझ्याआधी आमच्या घरातून कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे इंटर्नशिप म्हणजे नक्की काय करायचं असतं हे विचारायलाही कुणी नव्हतं. चिंचोळीतल्या एका फायबरच्या शेडमध्ये सहा आठवडे जायचं ठरलं. तिथे बसचे डॅशबोर्ड, ट्रॅक्टरची छतं आणि बागेत ठेवायच्या सशाच्या आकाराच्या कचराकुंड्या बनत. कुठल्याही वस्तूचा पहिला नमुना मातीचा करत, त्यावरून साचा काढत, आणि मग साच्यातून हव्या तितक्या वस्तू. तो पहिला नमुना करणारा माणूस शेडमध्ये एकच होता. हजेरीपटावर त्याचं नाव असेलच, पण सगळे त्याला मातीमास्तर म्हणत.

ती माती आपली रानातली माती नव्हे. मेण आणि तेल घालून केलेली, गुळाच्या रंगाची, थंड असताना लाकडासारखी कडक. भट्टीत ठेवली की मऊ होते, आणि मग बोटांनी थापता येते. पुन्हा थंड झाली की पत्र्याच्या पात्यांनी खरवडून आकार द्यायचा. पहिल्या आठवड्यानंतर मी घरी फोनवर हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, "माती कालवायचीच हुती, तर रानात काय कमी हाय व्हय?" मी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. नंतर कुणी शेड बघायला आलं, की हे वाक्य ते माझ्या आईच्या नावासकट सांगत.

मास्तर सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले. मला 'बिड्डा' म्हणत; त्यांच्या घरात लेकराला तसं म्हणतात. मला सुरुवातीला मातीला हात लावायची भीती वाटायची. त्यांनी एकदा विचारलं, "भाकरी येती का तुला?" मला थोडं वाईट वाटलं. इंजिनिअरिंगला आल्यावर तरी हा प्रश्न मागे राहील असं वाटलं होतं. मी हो म्हटलं. तर म्हणाले, "मग तुला येतंय की. भाकरी कडंला जाड राहिली, तर तुला कोण सांगतं? डोळा सांगतो?" मी विचार केला. खरंच, भाकरी थापताना मी कधी तिच्याकडे बघत नाही, हातालाच कळतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर एक पातळ सुती हातमोजा चढवला आणि डोळे मिटायला सांगितलं. उघड्या हातापेक्षा कापडातून उंचवटा जास्त कळतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

माझी एक सवय त्यांना अजिबात चालत नसे. काहीही बिघडलं, की मी लगेच "सॉरी, माझंच चुकलं असेल" म्हणायची. मापं जुळली नाहीत, भट्टी बंद पडली, कुणाची पट्टी हरवली, सगळ्याला माझं सॉरी तयार. कॉलेजमध्ये पहिल्या वर्षापासून मी अशीच होते. इतरांना सगळं येत असणार आणि मलाच येत नसणार, असं धरून चालायची. एरवी कधी आवाज न चढवणारे मास्तर यावर मात्र एकदम तापायचे. "आधी हात लाव. मग सॉरी म्हण," म्हणायचे. एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस इतका का चिडतो, हे मला बरेच महिने कळलं नाही.

त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात मागाची पंचकार्डं पाडायचे. पुठ्ठ्याच्या त्या कार्डांतल्या भोकांप्रमाणे धागे वर उचलले जातात आणि चादरीवर नक्षी उमटते. मास्तर लहानपणी वडिलांशेजारी बसून भोकं मोजत. ते सांगायचे, "कार्डात एक भोक चुकलं की मोर लंगडा. आणि एका चादरीत नाही, जितक्या निघतील तितक्या चादरीत लंगडा." साच्याचंही तसंच, असं म्हणायचे. हे सांगून झाल्यावर ते उगाचच पातं पुसत बसत. मला वाटायचं, वडिलांची आठवण येत असेल.

गाडीची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तरुणपणी मास्तर पुण्याजवळच्या एका कंपनीत होते. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या कंपनीला दोन माणसांची, बुटकी, वेगाने पळणारी एक स्पोर्ट्स कार काढायची होती. ती निघाली, थोडी वर्षं चालली आणि बंद झाली. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. आज ती रस्त्यावर दिसत नाही. पण ती गाडी व्हायच्या आधी ज्या गाड्या झाल्या, त्यांच्याबद्दल मास्तर बोलायला लागले की शेडमधली माणसं हातातलं काम थांबवत.

आधी तिथल्या डिझाइनच्या साहेबांनी भिंतीभर चित्रं लावली होती. त्यातली तीन निवडून त्यांची खऱ्या गाडीच्या पावपट मापाची मातीची मॉडेलं केली. मास्तरांनी त्यांना नावं ठेवली होती. पहिला बेडूक: तोंड गोल, दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. दुसरी पाचर: पुढून इतकी चपटी की बॉनेटखाली इंजिनच मावेना. तिसरं मांजर: कंबर खाली, मागचे पुठ्ठे वर, उडी मारायच्या आधी बसतं तसं. वेळ वाचावा म्हणून गाडीची एकच बाजू करत आणि मधोमध आरसा उभा करत. मास्तर म्हणायचे, "अर्धी गाडी हातानं, अर्धी काचेत." साहेबांनी मांजर पसंत केलं. मग लाकडाचा सांगाडा, त्यावर थर्मोकोल आणि वर माती, अशी पूर्ण मापाची गाडी उभी राहिली. तिच्यावर चंदेरी कागद ताणून बसवला आणि ट्यूबलाइटचा उजेड पाण्यासारखा वाहतो का ते बघितलं. बघायला आलेल्या एका पाहुण्याने दार उघडायला म्हणून हँडल ओढलं, तर हँडल त्याच्या हातात आलं. "तो माणूस सॉरी सॉरी करत मातीचं हँडल परत चिकटवायला लागला की," असं सांगताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून.

त्यातलं आज काहीच उरलेलं नाही. ती माती महाग आणि परदेशातून येणारी. काम झालं की खरवडून भट्टीत टाकायची आणि पुढच्या मॉडेलला वापरायची. बेडूक आणि पाचर यांची माती मोठ्या मांजरात गेली, मांजराची पुढच्या कुठल्यातरी गाडीत. मास्तरांकडे फिकट झालेले सात-आठ फोटो होते, तेही कोपरे दुमडलेले.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी खूप घाबरत गाइड सरांना सांगितलं, की बंद पडलेल्या या गाडीची सुरुवातीची मॉडेलं पुन्हा करून त्यांची नोंद ठेवायची आहे. सर म्हणाले, "यात इंजिनिअरिंग किती आहे?" तरी त्यांनी सही केली. शेडच्या मालकांनी सुट्टीच्या दिवशी भट्टी वापरू दिली. मास्तर सांगणार आणि मी करणार, असं ठरलं.

मास्तर स्वतः का करत नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. बेडकाच्या वेळी एकदा त्यांनी भट्टीतला ट्रे कापड न घेता उघड्या हातांनी बाहेर काढला आणि टेबलापर्यंत आणून ठेवला. मी त्याला नुसतं बोट लावलं तर बोट भाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी हात पाठीमागे घेतले. मग म्हणाले, "साखर आहे मला. काही महिने झाले, बोटांना काही कळत नाही. शेडमध्ये कुणाला सांगू नको." मी सांगितलं नाही. टपरीवरच्या त्या गाडीची हकीकत बोटं बधिर व्हायच्या आधीची. नंतरही ते गाड्यांवर हात ठेवत, डोळे मिटत, पण शेवटचं वाक्य आता बोलत नव्हते.

मांजर आम्ही पावपट मापाचंच, पण आरसा न लावता, दोन्ही बाजूंनी पूर्ण करत होतो. मास्तर खुर्चीत बसून सांगत होते. आधी डावी बाजू झाली. तिच्यावरून मी प्लायवूडचे फर्मे कापले, म्हणजे जागोजागच्या गोलाईला तंतोतंत बसणाऱ्या पट्ट्या. तेच फर्मे उलटे लावून उजवी बाजू केली. शेवटी मास्तर म्हणाले, डाव्या बाजूचा मागचा, चाकावरचा पुठ्ठा थोडा खरवड, अजून, अजून थोडा, बास. ते सांगतील तसं मी केलं. मग सवयीने दोन्ही बाजूंना परत फर्मा लावून बघितला. उजवीकडे बसला. डावीकडे फर्मा आणि माती यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली.

इतक्या आठवड्यांचं काम. मी म्हटलं, "सॉरी मास्तर, माझंच चुकलं असेल. उजवी बाजू परत करते मी."

मास्तर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "तोपण असंच म्हणला होता."

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. कंपनीत त्यांच्यासोबत सोलापूरचाच हमीद नावाचा जोडीदार होता. दोघं एका खोलीत राहायचे, एकाच डब्यातलं जेवायचे. पूर्ण मापाच्या मांजराची डावी बाजू मास्तरांनी केली आणि तिच्या फर्म्यांवरून उजवी हमीदने. साचा काढायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी डाव्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. त्यांना तिथे किंचित फुगवटा लागला. फर्मे केव्हाच निघालेले होते, उजवी बाजूही तयार होती. तरी त्यांनी पातं घेतलं आणि नखाच्या जाडीएवढी माती काढली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, असं वाटलं. त्यांच्या हाताचं तेव्हा सगळीकडे नाव होतं.

साच्यातून फायबरची पहिली गाडी निघाली. डिकीचं झाकण खरवडलेल्या डाव्या बाजूवरून बेतलेलं, ते डावीकडे बसलं. उजवीकडे फट राहिली. डावी बाजू मूळची, ती चुकेल कशी? फर्मा डावीकडे परत लावून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. साहेबांनी हमीदला सगळ्यांसमोर उभं केलं. मास्तर दोन हात अंतरावर उभे होते. हमीद खाली बघून म्हणाला, "माझंच चुकलं असेल." आठवड्याभरात त्याला घरी पाठवलं. पुन्हा साचा करायला वेळ नव्हता, म्हणून उजव्या फटीत जाड रबर बसवून गाडी काढली.

"जितक्या गाड्या निघाल्या तितक्यांत उजवीकडचं रबर जाड आहे," मास्तर म्हणाले. "गाडी बंद पडली तेव्हा सगळे रडले, बिड्डा. मला बरं वाटलं."

मी विचारलं, हमीद आता कुठे असतात. ते म्हणाले, इथेच. होटगी रोडला त्याचं डेंटिंगचं गॅरेज आहे. इतकी वर्षं एकाच शहरात राहून ते त्या रस्त्याने गेले नव्हते. कधी जावंच लागलं तर रिक्षावाल्याला वळसा घ्यायला लावायचे. आणि मग त्यांनी मला विचारलं, तू बरोबर येशील का. मी सांगितलं, येईन. मी नसते तर ते गेले असते का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. हमीदभाई एका दबलेल्या दाराचा पोचा काढत होते. बारीक अंगाचे, पांढरी दाढी. मी एक गोष्ट बघितली. ते पत्र्याला हात लावून बघत नव्हते. दर दोन ठोक्यांनंतर स्टीलची पट्टी उभी धरायचे, आडवी धरायचे, तिरकी धरायचे. मास्तरांना बघून ते उठले. "ये व्यंकटी," म्हणाले. मास्तरांचं नाव मला तेव्हा कळलं. हमीदभाईंनी स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. मान खाली घालून, न थांबता. फुगवटा कसा लागला, पातं कसं घेतलं, साहेबांनी विचारलं तेव्हा तोंड कसं उघडलं नाही. हमीदभाई पट्टी हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी आपल्या दखनीत 'किती' एवढंच विचारलं.

"कित्ता?"

मास्तरांनी आपली करंगळी पुढे केली, मग मागे घेतली. माझा हात धरला आणि माझ्या नखाची कड दाखवली. "एवढं."

हमीदभाई माझ्या नखाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पुण्याहून परत आल्यावर मातीला हात नाही लावला. म्हटलं, आपला हात खोटा आहे. पोरालापण तेच शिकवलं. हातावर जाऊ नको, पट्टी लाव." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू एवढं जरी म्हणला असतास की उद्या सांगतो, तरी मी थांबलो असतो."

चहा आला. तिघांनीही प्यायला. मास्तर निघताना म्हणाले, "परत येऊ का?" हमीदभाई म्हणाले, "ये म्हणत नाही. नको पण म्हणत नाही." आणि ते पट्टी घेऊन दाराकडे वळले. रिक्षात, पूर्व भाग आला तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "चहा दिला त्यानं."

रिपोर्टमध्ये मी हे सगळं चार पानं लिहिलं. गाइड सरांनी ती पानं बाजूला काढली. हे तांत्रिक नाही, म्हणाले. सॉरी माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी मॉडेल पुढे ठेवलं, फर्मा दिला आणि सरांना डावीकडे लावून बघायला सांगितलं. सरांनी उजेडाची रेघ बघितली. मग हातानेही चाचपलं. शेवटी चार पानांचं एक वाक्य ठेवायची परवानगी मिळाली: 'मूळ नमुन्यातील दोन बाजूंचा फरक डाव्या बाजूच्या कारागिराकडून फर्मे काढल्यानंतर झाला, उजव्या बाजूचे काम अचूक होते.' मी ते मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचे शब्द दोनदा वाचायला लावले आणि विचारलं, "छापलंय का? पेनानं नाही ना लिहिलं?" मी म्हटलं, छापलंय.

परीक्षा संपली आणि मी गावी गेले. आठ दिवसांनी शेडमधून फोन आला, मास्तर गेले. झोपेतच. मी एसटीने पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्यांच्या बायकोने मला आत बसवलं. त्या म्हणाल्या, नेण्याआधी एक दाढीवाला माणूस आला होता, कपड्यांना ग्रीस लागलेला. यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. तळव्यावरून अंगठा फिरवत होता, जसं काही तिथं शोधतोय. मग उठून गेला.

मी तिथूनच होटगी रोडला गेले. रिपोर्टची एक प्रत माझ्या पिशवीत होती, ती द्यायची होती. एवढंच कारण होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

गॅरेजमध्ये स्टीलची पट्टी भिंतीवर खिळ्याला अडकवलेली होती. हमीदभाई एका जुन्या गाडीपाशी उभे होते. त्यांनी उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं आणि डोळे मिटले होते. तळवा पुढच्या दिव्यापासून निघाला होता आणि हळूहळू मागे सरकत होता. त्यांचा मुलगा हातातला हातोडा खाली धरून बघत होता. मीही हाक मारली नाही.

मागच्या चाकाच्या वर हात थांबला. "हितं," ते म्हणाले. मग डोळे उघडले, मला ओळखलं, आणि हाताचं फडकं सोडून माझ्यापुढे धरलं.

"बघ गं. मला लागतंय ते तुला लागतं का."

मी पिशवी खाली ठेवली, फडकं हाताला गुंडाळलं आणि डोळे मिटले.